आठ सेकंद

प्रिय चिमणे,

चार महिने तू माझा फोन उचलत नाहीस. बरोबरच आहे, म्हणून लिहितोय. आईचं गालानं लिहायचं यंत्र मागायला गेल्या आठवड्यात एक शिंपी आला होता. आजारानं दोन्ही हात गेलेत, मान तेवढी हलते. द्यायचं ठरवलं. कॉलेजचं तोंड न बघता मी ते बनवलं, तुला माहीत आहेच. पडद्यावर पिवळी चौकट अक्षरांवरून सरकत जाते. हव्या अक्षरावर आली की बटण गालानं दाबायचं. पहिल्या दिवशी आईनं काय लिहिलं असेल? ‘चहात साखर कमी घालता.’ वाचा गेल्यापासूनची सहा महिन्यांची तक्रार साठवून ठेवली होती बाईनं.

एकेक अक्षर जुळवताना ती दमायची, म्हणून पहिल्याच जागी मी तयार वाक्य भरलं: ‘मी बरी आहे, काम सोडून येऊ नकोस.’ एका दाबात तुझ्या फोनवर. शिवाय आठ सेकंदांत दाब पडला नाही, तर लिहिलेलं पुसून चौकट परत पहिल्या जागी. अर्धवट काही राहिलेलं मला खपत नाही. ते आठ सेकंद मी माझ्या बोटानं दाबून ठरवले होते. नर्सबाई म्हणायच्या, दादा, ताईंना वेळ पुरत नाही हो. मी म्हणायचो, होईल सवय. माझ्या कामात कुणी नाक खुपसलेलं मला चालत नाही.

शिंप्याला द्यायचं म्हणून जुनी नोंद काढायला बसलो. यंत्र प्रत्येक दाब टिपून ठेवतं, पुसलेलं अक्षरसुद्धा. शेवटच्या तीन आठवड्यांत एकोणीस वेळा तिनं ‘चिमणीला बो’पर्यंत मजल मारलीय. दोनदा ‘बोला’पर्यंत. दर वेळी गाल थकला, आठ सेकंद सरले, सगळं पुसलं गेलं. मग समोर आलेलं पहिल्या जागेचं तयार वाक्यच तिनं दाबलंय. निदान तुला काहीतरी पोचावं म्हणून असेल.

तू पोचलीस तेव्हा आई जाऊन सगळं उरकलं होतं. चार लोकांदेखत मी म्हणालो, आता कशाला आलीस? तू फोन पुढे करून तिचे निरोप दाखवत होतीस, मी तोंड फिरवलं. चिमणे, ते निरोप तिचे नव्हते. वाक्य माझं होतं, सेकंदही माझेच. ती बोलावत होती हे कळून तुला जास्तच लागेल, म्हणून दोन दिवस हे पत्र लिहायचं टाळलं. पण न येण्याचा ठपका मी तुझ्यावर ठेवला, तो माझा आहे. नोंद अजून पुसलेली नाही. बघायची असेल तर ये. नसेल तर दोन ओळींत कळव, मग पुसेन.

तुझाच,
बाबा