बिनवासाचं मलम

जळगाव,
१२ फेब्रुवारी २०२५

चि. नवल यास अक्काचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र लिहायला कारण माझी बोटं, आणि लिहितायत तीच, तेव्हा अक्षराला हसू नकोस. फोन करत नाही, कारण तुझं मला काही ऐकू येत नाही आणि माझं बठ्ठ्या गल्लीला ऐकू जातं.

उजव्या अंगठ्याचं मूळ आणि शेजारच्या दोन बोटांचे सांधे सुजलेत. डॉक्टर म्हणाले, झिजेचा संधिवात आहे, वयाने येतो. गोळ्यांनी पोटात आग पडायची म्हणून त्या बंद केल्या आणि वरून लावायचं काहीतरी बघा म्हणाले. काहीतरी म्हणजे काय, हे विचारेपर्यंत पुढचा पेशंट आत येऊन बसलासुद्धा. मग मी घरातला बाम सुरू केला. डोकं, सर्दी, कंबर, सगळ्याला चालतो तोच.

आता खरी गोष्ट. शेजारच्या प्रमिलाबाईंच्या नातीचं जावळ होतं. मांडे अर्थातच माझ्याकडे. पुरण भरलेला उंडा नेहमीसारखा दोन्ही हातांवर झुलवत परातीएवढा केला आणि उलट्या खापरावर टाकला. एकही फाटला नाही. पंगत बसली, तर लोक घास घेतात आणि एकमेकांकडे बघतात. एकीने विचारलं, यात पुदिना घातलाय का. शेवटी प्रमिलाबाईंनी मला बाजूला घेतलं. बाई शिरपूरकडच्या, पोटात काही ठेवत नाहीत. म्हणाल्या, अक्का, हाऊ मांडा शे का बाम शे? मी मेल्याहून मेल्यासारखी झाले रे.

तर तू जन्मभर धुळ्यात औषधांचं दुकान चालवलंस, त्याचा बहिणीला काही उपयोग होऊ दे. असं मलम सांग, ज्याला वास नाही आणि जे आखाजीच्या आत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, हात ताळ्यावर आणील. आई गेल्यापासून दर आखाजीला तुझ्याकडे येऊन पितरांच्या पानावर मीच मांडे वाढत आलेय. उषाला मांडे येत नाहीत, हे मी भावजयीला टोमणा म्हणून लिहीत नाही. ती वाचेल म्हणून लिहिते.

माया वाढू दे, सूज उतरू दे, एवढंच मागणं.

तुझी अक्का

*

धुळे,
२० फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास नवलचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्र पोचलं. उषाने आधी वाचलं, त्यामुळे टोमणाही पोचला.

बामाचं सांगतो. तो सांध्याला काही करत नाही. कातडीला गार-गरम लागतं आणि तेवढा वेळ माणूस दुखणं विसरतो. तेही वाईट नाही, पण पुरणात नको. दुसरं आहे डायक्लोफेनॅकचं जेल. दुखण्याच्या गोळीत असतं तसंच औषध, पण वरून लावायचं, म्हणून पोटाला त्रास फार कमी. वास थोडा, तोही वाळला की जातो. बोटांच्या झिजेला आधी हेच द्यावं. मात्र तुझ्या बी.पी.च्या गोळ्या चालू आहेत, तेव्हा डॉक्टरांना ट्यूब दाखवून मगच लाव. लावल्यावर तासभर हात पाण्यात घालायचे नाहीत. हे तुला जमेल असं उषाला वाटत नाही.

तिसरं मिरचीच्या अर्काचं मलम. हसू नकोस, खरंच असतं. नेमाने लावलं तर काही आठवड्यांनी गुण येतो, पण आधी चांगलीच जळजळ होते. ते तुझ्या जुन्या गुडघेदुखीसाठी पाठवतोय. हाताला अजिबात लावू नकोस, हात कुठेकुठे लागतो.

आमचा हितेंद्र उद्या कामासाठी जळगावला येतोय, त्याच्याबरोबर दोन्ही ट्यूबा देतो. निळी बोटांना, लाल गुडघ्याला. उलटं करू नकोस. आणि आखाजीपर्यंत मांडे जमतीलच असं मी छातीठोक सांगत नाही. दुखणं कमी होतं, झिजलेला सांधा नवा होत नाही.

सुलक्षणाला आशीर्वाद. ती तुझी सून आहे म्हणून थोडे जास्तच दे.

तुझा,
नवल

*

जळगाव,
२७ मार्च २०२५

चि. नवल यास अक्काचे आशीर्वाद, वि. वि.

मी उलटं केलं.

निळी डॉक्टरांना दाखवली, ते हो म्हणाले. आठवडाभर लावली, फरक नाही. मग लाल ट्यूब दिसली. म्हटलं, मिरचीला घाबरायला मी काय पुण्याची आहे? ज्या हातांनी जन्मभर वर्षाचं तिखट कुटलं, त्यांना एवढीशी ट्यूब काय करणार? बोटांना चांगलं चोपडलं. जरा वेळाने साबणाने हात धुतले आणि मांड्यांचा सराव करायला चुलीपुढे बसले. पहिला मांडा उतरवताना झळ लागली मात्र, निखारे धरावेत तसे हात पेटले. घाम पुसायला हात डोळ्याकडे गेला, आणि पुढचं लिहीत नाही. सुलक्षणाने हाताला तेल चोळून मलम काढलं, डोळे धुवून दिले. मग लाल ट्यूब कपाटात ठेवून कुलूप लावलं. त्यापेक्षा चार शब्द ऐकवले असते तर बरं वाटलं असतं. नातीने तेवढ्यात खापराशेजारचा तो मांडा खाल्ला आणि म्हणाली, आजी, तिखट पुरणपोळी मस्त झालीय. पोर अस्सल खानदेशी बियाणाची आहे.

तेव्हापासून निळीच, अगदी नेमाने. खरं ते सांगते, गुण आहे. ब्लाउजची बटणं लागतात, डब्याचं झाकण उघडतं, हे पत्रही एका बैठकीत होतंय. तुझं औषध खोटं नाही.

पण मांडा होत नाही. तळहात पूर्ण उघडत नाही, अंगठा आत ओढतो, आणि अर्ध्यावर आला की मांडा मधोमध फाटतो. पुन्हा पुन्हा करून बघितलं.

म्हणून यंदा आखाजीला मी येत नाही. रागावू नकोस. आई गेली तेव्हा मला वाटलं होतं, माहेर संपलं. मग तुझ्याकडे मांडे करायला मी लागायचे, म्हणून ते टिकलं. भाऊ कितीही चांगला असला तरी त्याच्या घरात बहिणीला काहीतरी काम हवं. नुसतं येऊन पाटावर बसायला मला लाज वाटेल. फार वाईट वाटतंय, नवल. हाताचं नाही, ह्याचं.

सगळ्यांना जिथल्या तिथे नमस्कार-आशीर्वाद.

अक्का

*

धुळे,
८ एप्रिल २०२५

ती. अक्कास नवलचा नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र उषाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, आता सांगून टाका. म्हणून सांगतो.

मला साखर निघून सहा वर्षं झाली. बरीच आहे, गोळ्या चालू आहेत. मांडा आणि आमरस, दोन्ही मला बंद. तू येतेस, मांडे करतेस, माझ्या ताटात पहिला वाढतेस. तुझी नजर असेपर्यंत मी दोन घास खातो. तू खापराकडे वळलीस की उषा माझं ताट उचलते. हितेंद्र आणि सून दोघंही वजनाच्या नावाने चतकोर खातात. उरलेले सगळे दुसऱ्या दिवशी गल्लीत जातात. गल्ली खूश असते.

तुला सांगितलं नाही, कारण तू म्हणाली असतीस, मग मी येऊन काय करू. आता तेच लिहिलंस. पितरांच्या पानासाठी यंदा विकतचे मांडे आणू. आई वरून नावं ठेवील, तर ठेवू दे. तिने कुणाला सोडलंय?

अक्का, मला मांडे नको होते. मला तू यायला हवी होतीस. तू येणार नाहीस हे वाचल्यापासून मला घरात करमत नाही. एवढं स्पष्ट मी तोंडावर कधी बोललो नसतो.

उत्तर लवकर दे.

तुझा धाकटा,
नवल

*

जळगाव,
१५ एप्रिल २०२५

नवल,

आशीर्वाद सध्या राखून ठेवलेत.

सहा वर्षं! अरे, सख्ख्या भावाला मी माझ्या हाताने गूळ-साखर चारत होते, आणि तू माझ्याकडे बघून मिटक्या मारत होतास? तुला काही झालं असतं म्हणजे? आणि ती उषा, भावजय म्हणवते, माझी पाठ वळली की ताट उचलते! औषधांचं दुकान घातलंस आणि स्वतःच्या जिवासाठी पथ्य पाळलं नाहीस. तुझं पत्र वाचून मी रडले, मग चिडले, आता नुसती चिडलेली आहे.

आखाजीच्या दोन दिवस आधीच्या सकाळच्या एस.टी.ने निघते. हितेंद्रला स्टँडवर पाठव. मांडे करणार नाही, पुरण शिजवणार नाही, चुलीकडे फिरकणारसुद्धा नाही. मी येते ती तुझ्याशी भांडायला. भांडायला हात लागत नाहीत.

अक्का