दिलीपदादाने दिलेला नंबर

सोमवार, संध्याकाळ. नाचणगाव.

आज झालं एकदाचं. अकरा दिवस संगणक बंद केला नाही. वीज गेली की तेवढा थांबायचा, आली की मी पुन्हा सुरू करायची. बिटकॉइनचा नोड, म्हणजे आजवरच्या सगळ्या व्यवहारांची अख्खी वही, आता माझ्या घरात आहे.

हे सगळं दिलीपदादाच्या त्या हसण्यासाठी. चुलत भाऊ, जामच्या चौकात मोबाईलचं दुकान. आईला पाटल्या विकायला लावून तिला बिटकॉइन घेऊन दिलं म्हणाला, आणि कागदावर व्यवहाराचा लांबलचक नंबर लिहून दिला. हे खरं कशावरून, असं मी एका लग्नात विचारलं, तर सगळ्यांसमोर हसला. "तुले काय समजते यातलं? नोड माह्या दुकानात आहे. तुह्या घरी आहे का?"

आता आहे. सॉफ्टवेअर फुकट मिळतं, कोणीही चालवू शकतं.

मघाशी तो नंबर टाकला. त्या वहीत असा व्यवहारच नाही. एकेका अक्षरावर बोट ठेवून तीनदा टाकला. नाहीच. म्हणजे दादाने आईसाठी बिटकॉइन घेतलंच नव्हतं. वाईट वाटायला हवं होतं ना? मला ते हसणं आठवलं आणि चक्क आनंद झाला.

लगेच फोन केला. "दादा, रविवारी जेवायले येजो."

"येतो ना!"

जेवणं झाली की नंबर त्यालाच टाकायला लावणार, सगळ्यांसमोर.

आईला सांगताना धास्ती होती. म्हणेल, जाऊ दे, घरचाच आहे. पण ती म्हणाली, "त्याच्या सासऱ्यालेही बोलाव."