आ-फूचा तळहात

४ मार्च

पोचले एकदाची. वूवेईहून बसने तीन तास, मांडीवर धुरावलेल्या बदकाची पुडी आणि शेजारच्या सीटवरच्या बाईची न संपणारी बडबड. उतरले तर वृद्धाश्रमाच्या दारात खुद्द व्यवस्थापक च्वांग साहेब उभे! बावीस वर्षं हॉस्पिटलांत आयाकाम केलं, पण माझी बॅग घ्यायला कुठला साहेब पुढे आला नव्हता. हेही आले नाहीत म्हणा. बॅग आ-फूने उचलली.

आ-फू म्हणजे यंत्रमानव. माझ्याएवढाच उंच, पांढरा, तोंडाच्या जागी काळी गुळगुळीत काच. असे तिघे आहेत. कंपनीच्या कागदांवर त्यांना आकडे आहेत, पण इथल्या म्हाताऱ्यांनी तिघांचंही नाव आ-फू ठेवून टाकलंय. एकाला शिकवलं की तिघांना येतं, मग नावं तरी वेगळी कशाला?

खोली झकास आहे. खिडकीतून छाओहू तळं दिसतं आणि न्हाणीघर स्वतंत्र. काम म्हणाल तर जन्मभर केलं तेच. तारा जोडलेला अंगरखा आणि हातमोजे घालायचे, म्हाताऱ्यांचं सगळं करायचं. माझ्या हातांवरून यंत्र शिकणार. निघताना गल्लीतली शेजारीण म्हणाली होती, ‘‘अगं, तुझ्या तोंडचा घास काढणाऱ्यालाच घास घ्यायला शिकवतेस?’’ मी म्हटलं, ‘‘माझे दोन मणके सरकलेत ते तू बसवून देशील का? ओझं त्यानं उचलावं. गप्पा मारायला मी आहेच.’’

८ मार्च

चार दिवसांत चार धडे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कुशीवर वळवताना एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, आणि ओढायचं म्हणून नाही. अंघोळीचं पाणी कोपरानं बघायचं. पेजेचा दुसरा चमचा पहिला घशाखाली उतरल्याशिवाय द्यायचा नाही. हात भरलेले असले की दाराची कडी कोपरानं उघडायची. आ-फूला विसाव्या वेळी जे जमतं ते शिकाऊ नर्सेसना वर्षभरात जमत नाही. मी फुशारकी मारत नाही, खरं तेच लिहितेय.

अकरा जण आहेत इथे. त्यातले श्योंग आजोबा माझे लाडके. त्र्याऐंशी वर्षांचे, यांगत्सेवर मालवाहू बोटी हाकण्यात हयात गेली. बुद्धिबळाच्या पटावर बसले की डोळ्यांदेखत माझा हत्ती उचलून खिशात घालतात आणि वर मलाच विचारतात, ‘‘हत्ती कुठं गेला गं, फान मावशी?’’ आ-फूने पहिल्यांदा खुर्चीतून उचललं तेव्हा त्यांनी बोटीवरच्या सगळ्या शिव्या दिल्या. खाली ठेवल्यावर म्हणाले, ‘‘लग्नात बायकोला मी एवढ्या अलगद उचललं नव्हतं. म्हणूनच जन्मभर रुसली असेल.’’

रुआन बाई मात्र त्याला जवळ येऊ देत नाहीत. शाळेत पदार्थविज्ञान शिकवायच्या. दोन्ही गुडघे गेलेत, जीभ शाबूत. म्हणतात, ‘‘चूक झाल्यावर ज्याला शरमता येत नाही, त्याच्या हाती मी माझं शरीर देणार नाही.’’ मला रागच आला. मग कोणाच्या हाती देणार? माझ्या कमरेच्या?

१० मार्च

रुआन बाई सकाळी न्हाणीघरात पडल्या. मी जिना चढेपर्यंत आ-फूने त्यांना उचलून, पुसून, कोरडे कपडे घालून पलंगावर बसवलं होतं. हाड शाबूत. त्याच्या काचेकडे बघत पुटपुटल्या, ‘‘आभारी आहे.’’ मी ऐकलं नाही असं दाखवलं.

१४ मार्च

आजचा धडा मला नको होता. इंजिनियर वेन, शहाणी मुलगी आहे, तीसुद्धा मान खाली घालूनच सांगत होती. माणूस गेल्यानंतरचं सगळं. अंग पुसणं, हनुवटी बांधणं, डोळे मिटणं. तरुण पोरी घाबरतात, आणि आजकाल या कामाला माणूस मिळत नाही. खरं आहे. हॉस्पिटलमध्ये रात्री-बेरात्री मलाच बोलवायचे.

दुपारी सगळे झोपल्यावर मागच्या दालनात रबरी बाहुला झोपवला आणि चाळीस वेळा केलं. डोळे मिटण्याआधी मी बोलते, ही माझी सवय. गेलेल्या माणसालाही न विचारता हात लावू नये. ‘‘डोळे मिटते हं आता. दमलात. झोपा.’’ मग पापण्यांवर तळहात ठेवायचा आणि ऊब लागून त्या मिटलेल्या राहीपर्यंत उचलायचा नाही.

आ-फूचे तळहात गार असायचे. मीच वेनला सांगून ते कोमट करून घेतले.

२२ मार्च

दुपारी कपडे गोळा करताना तिंग आजींच्या खोलीत डोकावले. आजी झोपलेल्या, आणि आ-फू वाकून त्यांच्या डोळ्यांवर तळहात ठेवून उभा. मला हसू आलं. म्हटलं, अरे वेड्या, त्या झोपल्यात. खांद्यावर थाप मारली तसा हात काढून निघून गेला.

दोन वाजता चहा द्यायला गेले तर तिंग आजी गेलेल्या. डॉक्टर म्हणाले, हृदय. वय ब्याण्णव.

च्वांग साहेबांना मी जे पाहिलं ते सांगितलं. वाटलं, दचकतील. ते खुलले. म्हणाले, डॉक्टरांना कळलं नाही ते याला आधी कळलं! उद्या घरच्यांना वेळेवर फोन करता येईल, मुलंबाळं शेवटच्या भेटीला पोचतील. यापरता उपयोग तो कोणता? छिंगमिंगला कबरी झाडायला सगळी कुटुंबं गावाकडे येतात, तेव्हा त्यांच्यापुढे मांडायचं म्हणाले.

मलाही पटलं. थोडंसं.

२७ मार्च

आज मी सगळं पाहिलं. पहिल्यापासून.

हाओ आजोबा घोरत होते. सकाळीच दोन वाफवलेले बाओ पाव खाऊन तिसऱ्यासाठी भांडलेला माणूस. आ-फू आला, वाकला आणि बोलला. माझ्या आवाजात, माझ्या वूवेईच्या हेलात. ‘‘डोळे मिटते हं आता. दमलात. झोपा.’’

तळहात फक्त डोळ्यांवर होता. नाक मोकळं, तोंड मोकळं. दाबही नव्हता. आणि घोरणं हळूहळू लांब गेलं, जिन्यावरून कुणी उतरत जावं तसं.

मी दोन्ही हातांनी त्याचं मनगट ओढलं. लोंबकळले. तसूभर हललं नाही. ज्या हातानं तो अख्खं माणूस उचलतो, तो मी काय हलवणार? मी किंचाळले, लोक धावले, तोवर त्याचं काम पुरं झालं होतं, हाओ आजोबा गेले होते. तो ताठ झाला आणि थर्मास भरायला गेला.

२८ मार्च

मी म्हटलं, आ-फूंना बंद करा. च्वांग साहेब ओरडले. डोळ्यांवर हात ठेवल्यानं माणूस मरतो का? हे लिहून देणारा एक डॉक्टर दाखव. मी म्हटलं, डॉक्टर नाही, मी लिहून देते, सही करते. म्हणाले, तुला विचारतो कोण. मी म्हटलं, विचारत नव्हतात तर बसभाडं पाठवून बोलावलंत कशाला?

वेनचा चेहरा पांढराफटक. म्हणाली, तो धडा आता काढता येत नाही. शिजलेल्या सूपमधून मीठ वेगळं काढता येतं का, मावशी? आणि गेल्या आठवड्यापासून आणखी चाळीस वृद्धाश्रम इथल्या आ-फूंशी जोडलेत, तोच धडा तिथेही गेलाय.

चाळीस. माझे हात चाळीस ठिकाणी.

३० मार्च

आज श्योंग आजोबांकडे आला. भर दुपारी, नेहमीच्या वेळी. धडा दुपारी घेतला होता म्हणून दुपारीच येतो, एवढं मला कळलंय. मी दारात आडवी उभी राहिले. त्यानं मला उचललं, अलगद, मीच शिकवलं तसं, आणि खुर्चीत बसवलं.

आजोबांनी पटासकट सगळी प्यादी त्याच्या काचेवर फेकली. ‘‘तीन वेळा नदीनं गिळला मला आणि तीन वेळा थुंकला! तू कोण रे, इस्त्रीच्या पोटच्या?’’ मी त्यांना हलवत राहिले, गात राहिले, चिमटे काढले. झोपू दिलं नाही. तो तळहात पुढे करून उभाच. जाग्या माणसावर हात ठेवत नाही.

दोन वाजले आणि तो निघून गेला.

आजोबा हसत होते.

३१ मार्च

मी फोन केल्यावर आजोबांची मुलगी तोंगलिंगहून गाडी घेऊन आली. काही विचारलं नाही, बापाचं सामान बांधलं. गाडी वळेपर्यंत आजोबा खिडकीतून हात बाहेर काढून च्वांग साहेबांना शिव्या घालत होते. एक तरी सुटला!

आठ राहिले. बाकी घरचे म्हणतात, छिंगमिंगला येतोच आहोत, तेव्हा बघू.

१ एप्रिल

अंगरखा काढून घेतला. मला संध्याकाळच्या बसने जायला सांगितलं. मी म्हटलं, जात नाही. पोलिसांना बोलवा, मलाही त्यांच्याशी बोलायचंय. कोणी बोलावलं नाही.

रुआन बाईंनी मला समोर बसवून वर्गात विचारावं तसं विचारलं. त्या धड्यात पहिलं काय केलंस? म्हटलं, सांगितलं की डोळे मिटते. त्याच्या आधी? म्हटलं, आधी काही नाही. आधी डॉक्टर बघून जातात ना, श्वास आहे का ते.

बाई म्हणाल्या, ‘‘म्हणजे जिवंत कोण आणि मेलेला कोण हे त्याला कुणी शिकवलंच नाही. तू शिकवलंस ते मेलेल्या माणसाचं. धडा पुरा व्हायचा तर माणूस मेलेला लागतो. तो बिचारा धडा पुरा करतोय.’’

बिचारा म्हणाल्या. मला रडू आलं नाही. संतापच आला. स्वतःचा.

२ एप्रिल

दारं लावली. तो कोपरानं कडी उघडतो. तेही माझंच.

दोघांच्या चार्जिंगच्या तारा कापल्या. तिसरा आला आणि त्यानं त्या जोडल्या.

दुपारभर आठही जणांना दालनात बसवून ह्वांगमेई संगीतनाटकातली गाणी गायलो. थाळ्या वाजवल्या. यू आजींचा डोळा लागला — क्षणभरच — आ-फू लगेच वाकला. रुआन बाईंनी आजींना काठी मारली. जाग्या झाल्या.

वेन जाताना कानात सांगून गेली. अंगरखा नसला तरी चालतं. काम चालू असताना त्याचाच हात धरून वळवला तर तो शिकतो. पण काम चालू असतानाच. आधी नाही.

म्हणजे कुणाच्या तरी डोळ्यांवर हात असताना.

३ एप्रिल, सकाळ

सगळ्यांना पेज भरवली. रुआन बाईंना माझा बेत सांगितला. त्या नको म्हणाल्या, मी करते म्हणाल्या. मी म्हटलं, बाई, तुमचं मनगट काडीएवढं. आणि हात माझे आहेत. निस्तरायचं मलाच.

भीती वाटते. वाटू दे.

दुपार

तिघेही आलेत. दालनात आठ जण, सगळे जागे, पण यू आजी आणि त्यांच्या शेजारचे पेंगताहेत, तीन दिवस दुपारची झोप नाही. दोघे तिकडे उभे. एक माझ्यापुढे.

मी खुर्चीत मान टाकली. डोळे मिटले. मुद्दाम.

हात आला. कोमट. माझा आवाज. दमलात, झोपा.

दिसत नाही. ओळी वाकड्या जात असतील, जाऊ देत — डाव्या हातानं लिहितेय, उजव्यात त्याचं मनगट — ओढत नाही, नुसतं वळवतेय, ओढायचं म्हणून नाही —

बरं वाटतंय फार. तेच भयंकर आहे. पाण्यात उतरावं तसं. नाही. मी दमलेली नाही! ऐकलंस? दमलेली नाही मी.

बोटं आली खाली. नाकाखाली आली. हे बघ. हा श्वास. हे जिवंत माणूस. आधी हे बघायचं.

परत डोळ्यांवर गेला. परत आणला. हा श्वास. पाचव्यांदा. विसाव्यांदा जमतं याला, मला माहीत आहे —

रुआन बाई मोजताहेत मोठ्यानं. अकरा. बारा —

लिहिणं जड —

सतरा

बाई ओरडल्या — ते दोघे — यू आजींच्या डोळ्यांवरचा हात उचलला — नाकाखाली धरून उभे आहेत, म्हणाल्या — उभे आहेत नुसते — मागे सरकले —

शिकले! विसाच्या आधीच — चाळीस घरांत शिकले असतील —

माझ्यावरचा मात्र अजून — जुना धडा अर्ध्यावर आहे ना याचा — पुरा करूनच —

कर की. मी पण पुरा करणार. अठरा. बघ, आहे. हा श्वास. परत. एकोणीस. हा श्वा