टाकी कोरडी, इंजिन गरम

तीर्थरूप मामांना,

साष्टांग नमस्कार. (वरच्या रानातले दगड उचलून माझ्या आठ अंगांपैकी सहा जागेवर नाहीत. उरलेली दोन टेकवली आहेत, गोड मानून घ्या.) तुमचा गुडघा कसा आहे? मामी बऱ्या आहेत ना? इकडे सगळे खुशाल. फक्त मी आणि तुमची भाचेसून गेला आठवडाभर एकमेकांशी कुजबुजत बोलतोय. घरात दुसरं कोणी झोपलेलं नसताना कुजबुजायचं कारण काय, हे दोघांनाही सांगता येत नाही. म्हणून म्हटलं, तुम्हाला सविस्तर लिहावं.

जुना बुलडोझर कसा निवडावा याची तुम्ही लिहून पाठवलेली यादी खिशात घेऊनच मी घराबाहेर पडलो होतो. साखळी सैल आहे का बघ, रोलर गळतात का बघ, पात्याला कुठे वेल्डिंग केलंय का बघ, तासांचं मीटर दाखवतील त्यावर काडीचा विश्वास ठेवू नकोस, आणि सगळ्यात आधी इंजिनाला हात लाव. ते गरम लागलं, तर विकणाऱ्याने तू यायच्या आधीच मशीन चालवून ठेवलंय, म्हणजे थंड असताना ते सुरू होत नाही, तू उलट्या पावली परत ये. हा शेवटचा नियम तर मी शाळेतल्या कवितेसारखा पाठ केला.

पहिलं मशीन दाखवलं एका भंगारवाल्याने. नवाकोरा पिवळा रंग, आणि तोही इतक्या मनापासून दिलेला, की पात्याला चिकटलेला चिखल पिवळा, चिखलात रुतलेलं पान पिवळं आणि पानावरची गोगलगायसुद्धा पिवळी. मीटर दाखवत होतं तीनशे तास. सीट मात्र तीन पिढ्या बसून गेल्यासारखी. मी इंजिनाला हात लावला आणि बोटं पोळली. तुमची आज्ञा पाळून उलट्या पावली परत फिरलो (शब्दशः, त्यामुळे मागच्या ऑइलच्या ड्रमवर आपटलो), आणि आम्ही दोघं दुसऱ्या पत्त्यावर गेलो.

हे घर रस्ता संपतो तिथे आहे. मागच्या खोलीच्या भिंतीला लागून पत्र्याची शेड, शेडमध्ये मशीन, आणि खोलीची खिडकी थेट मशीनवर उघडणारी. आम्ही पोचलो तेव्हा सव्वाअकरा वाजले होते. मशीनच्या सीटवर एक बाई बसलेल्या. हात लिव्हरवर, नजर समोरच्या पत्र्यावर. इंजिनाचा आवाज नाही, धूर नाही, काही नाही. आम्ही दोनदा खाकरलो, मग त्या सावकाश खाली उतरल्या. म्हणाल्या, मशीन मालकांचं. मालक जाऊन आठ महिने झाले.

मी चेहरा पाडला, दोन शब्द बोललो, आणि यादी आठवून इंजिनाला हात लावला. मामा, ते गरम होतं. पोळण्यासारखं नव्हे. नुकतंच कोणी उठून गेलेल्या खुर्चीसारखं.

मी मनात म्हटलं, सापडली चोरी! दुखवट्याच्या घरात मोठ्याने बोलणं बरं दिसलं नसतं, म्हणून नुसतं विचारलं, सकाळी चालवलं होतं वाटतं? बाई पुढे झाल्या. त्यांनी बॅटरीच्या पेटीचं झाकण उघडलं. पेटी रिकामी, आत कोळ्याचं जाळं, तेही जुनं, धूळ धरलेलं. मग डिझेलच्या टाकीत काठी घातली. तळाला टेकून काठी वर आली, कोरडी, टोकाला गंज. मी काठीचा वास घेतला. (का घेतला ते विचारू नका. अशा वेळी माणसाला काहीतरी तपासल्यासारखं दिसावं लागतं.) तेवढ्यात तुमची भाचेसून माझी बाही ओढून म्हणाली, "अहो, मीटरचा आकडा आत्ता हलला."

मी म्हटलं, डोळे तपासून घे. मग मीही टक लावून उभा राहिलो. पाच-सहा मिनिटांनी शेवटचा आकडा पापणी लवावी तसा वर सरकला आणि त्याच्या जागी पुढचा आला. जगभर लोक मीटर मागे फिरवून फसवतात, मामा. पुढे फिरवून फसवणारा अजून जन्माला यायचाय.

बाई म्हणाल्या, "रोज एक तास. अकरा ते बारा." त्यांनी शेडच्या पत्र्याकडे बोट दाखवलं. तिथे खडूने आकडे लिहिले होते, एकाखाली एक, प्रत्येक आधीच्यापेक्षा एकाने मोठा. मला ते सगळे वाचायचा धीर झाला नाही.

मग त्यांनी सांगितलं ते असं. मागच्या खोलीत त्यांच्या सासूबाई असतात. अंथरुणाला खिळलेल्या, कानांनी ठार बहिऱ्या. मुलगा गेल्याचं त्यांना कळवायचं धाडसच झालं नाही. मालक हयात असताना रोज कामावर जाण्याआधी, अकरा वाजता, शेडमध्ये मशीन तासभर चालू ठेवायचे. आईचा पलंग त्याने थरथरायचा, तिला कळायचं, पोरगा घरी आहे. म्हणून ते गेल्यावर बाई स्वतःच रोज इंजिन सुरू करू लागल्या. सासूबाईंना पाटीवर लिहून दाखवायच्या, लवकर गेले, उशिरा येतील, तुम्ही झोपला होता. पुढे डिझेल संपलं. मग बॅटरी निकामी झाली, ती काढून दिली. पण डिझेल संपलं त्याच दिवशी अकरा वाजता बाई आत भीतभीतच गेल्या, आता म्हातारी विचारणार. तर म्हातारी हसून म्हणाली, आज बरंच जोरात चालवतोय गं.

"भीती वाटते म्हणून विकताय का?" हिने विचारलं.

बाई म्हणाल्या, "भीती नाही वाटत. रोज त्या सीटवर जाऊन बसते मी. तासभर. काही जाणवत नाही. थरथर त्यांना लागते, मला कधीच नाही. येतात ते आईसाठीच येतात." आणि पदराने त्यांनी लिव्हर पुसला, जिथे पुसण्यासारखं काहीच नव्हतं.

मी रोलर बघायला वाकलो. इतक्यात खिडकीतून आवाज आला, "सूनबाई, पाहुण्यांना आत आण. बाहेर का उभं केलंस?" आम्ही आल्याचं म्हातारीला कोणी सांगितलं नव्हतं, आणि पलंगावरून शेड दिसत नाही. हे मी स्वतः नंतर वाकून पाहिलं.

आत गेलो. खोलीत पलंग, स्टूल, स्टुलावर पाण्याचा पेला. म्हातारी अंगाने एवढीशी, पण डोळे लख्ख. बाईंनी पाटी घेतली आणि काहीतरी लिहायला लागल्या, तर म्हातारीने हातानेच थांबवलं. "मशीन न्यायला आलात ना? न्या. तो दमलाय. मला म्हणतो, आई, कोरड्या टाकीवर किती दिवस चालवू?"

बाईंच्या हातातली पाटी खाली पडली. म्हातारीला तो आवाज गेला नाही, ती बोलतच राहिली. "आणि हिला सांगा कोणीतरी. रोज बाहेर लोखंडावर जाऊन कशाला बसते? तो तिथे नसतो. तो इथे असतो." आणि तिने पलंगाची कड थोपटली.

बाई बसल्या. अगदी कडेला, पाहुण्यासारख्या. मी पेल्याकडे बघत होतो, कारण कोणाच्याच तोंडाकडे बघवत नव्हतं. पेल्यातल्या पाण्यात एक बारीक वलय उठलं. मग दुसरं. बाईंचे दोन्ही हात गुडघ्यांवर नीट ठेवलेले, तरी मनगटातल्या बांगड्या एकमेकींवर किणकिणायला लागल्या. त्यांनी मान खाली घातली. मग अगदी रोजच्या आवाजात त्या म्हणाल्या, "डबा खाल्ला का?"

बाराला पाणी शांत झालं. बाहेर येऊन इंजिनाला हात लावला, तर विहिरीच्या कठड्यासारखं गार. मीटर तेव्हापासून हललेलं नाही. बाई म्हणाल्या, आजच न्या. आम्ही ट्रेलर बोलावला आणि मशीन घरी आणलं.

आपला आज्ञाधारक भाचा

ता. क. — खरं काम लिहायचं राहिलंच. मशीन सुरू होत नाही. नवी बॅटरी घातली, टाकी भरली, तीन मेकॅनिक घाम गाळून गेले. यादीतलं सगळं तपासलं, पण विकत घेण्याआधी मशीन एकदा चालू करून बघावं हे यादीत नव्हतं. (तुम्हाला वाटलं असेल, इतकं तर गाढवालाही कळतं.) तेव्हा एकदा येऊन जा.

ता. क. २ — भाचेसून पत्र वाचून म्हणते, खरं लिहा. तर खरं असं, की बाई पलंगावर बसल्या त्या वेळी मी खोलीत नव्हतो. खिडकीबाहेर होतो, आणि एक हात गाडीच्या दाराकडे. पेला मात्र मी पाहिला, शपथेवर सांगतो.

ता. क. ३ — हे ती झोपल्यावर लिहितोय. त्या घराचा पत्ता तुम्हीच दिलात, आणि तिथे माझं नाव काढू नकोस असं फोनवर बजावलंत. मी तुमचं नाव काढलं नाही, माझंही सांगितलं नाही. निरोप घ्यायला मी आत गेलो, तेव्हा म्हातारीने माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "मामाला सांग, माझ्या पोराच्या मनात काही राग नाही. ज्याने हाताला धरून मशीन शिकवलं, त्याच्यावर कोण किती वर्षं रागावणार? पण त्याने एकदा यावं." तुमच्या दोघांत काय बिनसलं होतं ते मला माहीत नाही, मी विचारणारही नाही. म्हातारीचा पलंग अजून त्याच भिंतीला आहे, आणि कडेला एका माणसाची जागा आहे. मामींना सांगा, भाचा अक्कलशून्य आहे, न चालणारं मशीन घेऊन बसलाय, जायलाच हवं. त्यांना हे लगेच पटेल.