नऊ महिन्यांची कोरड

४ मार्च, मंगळवार
आजपासून तोंडाच्या कोरडेपणाचा कायमचा बंदोबस्त. सकाळी उठलो तर जीभ टाळूला चिकटलेली, बोटाने सोडवावी लागली. कारण सापडलं आहे: पेंढा भरलेले प्राणी. संग्रहालयात बावीस वर्षं गाईड आहे. दिवसाला चार फेऱ्या, अस्वलापासून देवमाशाच्या सांगाड्यापर्यंत अखंड बोलणं, आणि वर त्या प्राण्यांच्या केसांतली धूळ. पहिली एकवीस वर्षं काही झालं नाही हे खरं, पण धुळीला साठायला वेळ लागतोच.
उपाय: रोज तीन लिटर पाणी.

५ मार्च
तीन लिटर प्यायलो. दुसऱ्या फेरीत लोकांना हरणांपाशी उभं करून दोनदा जावं लागलं. परत येईपर्यंत एका आजोबांनी माहिती द्यायला सुरुवात केली होती. बरीचशी चुकीची. लोक मात्र खूश.
उद्यापासून दीड लिटर.

७ मार्च
दालनात पाण्याची बाटली आणायला मनाई आहे. ती पाटी मीच लावून घेतली होती. आज बाटली अस्वलाच्या मागे ठेवली. क्युरेटर बाईंना सापडली. ही कोणाची, म्हणाल्या. चौकशी करतो, म्हणालो.
पाणी बंद. त्याऐवजी पेपरमिंटच्या गोळ्या. गालात राहतात, कोणाला दिसत नाहीत.

९ मार्च, रविवार
मुलीचा फोन. ती दुसऱ्या शहरात असते, दर रविवारी करते. बाबा, तुमचा आवाज असा काय येतोय, म्हणाली. तोंड कोरडं पडतंय, फार बोलवत नाही, म्हणालो. मग आईचं कपाट आवरलंत का, म्हणाली. तोंड फारच कोरडं पडलं. फोन ठेवला.
तिची आई जूनमध्ये गेली. कपाट आवरायचंच आहे, पण त्यात धूळ असणार, आणि मला धुळीची ॲलर्जी. जूनमध्ये डोळ्यांतून सारखं पाणी यायचं. तेव्हापासून रोज झोपताना एक गोळी घेतो. नऊ महिन्यांत टिपूस नाही. तब्येतीच्या बाबतीत मी हयगय करत नाही, हे इथे लिहून ठेवतो.

१३ मार्च
आनंदाची बातमी. संग्रहालयात कानाला लावायची यंत्रं येणार. माहिती रेकॉर्ड केलेली. आवाज कोणाचा, ते मंगळवारी ठरेल. अर्थात माझाच. सगळ्यांचीच चाचणी घेऊ, असं क्युरेटर बाई म्हणाल्या. औपचारिकता असते.
संध्याकाळी मेहुणी डबा घेऊन आली. कालचा तसाच पाहून म्हणाली, भाऊजी, अहो जेवला का नाहीत? सुकं घशाखाली उतरत नाही, म्हणालो. मग तोंड उघडून सांगायचं होतंत ना, पातळ काही केलं असतं, म्हणाली. 'बस जरा' म्हणायला हवं होतं. पण मग बोलावं लागलं असतं.
पेपरमिंट दिवसाला वीस.

१८ मार्च, मंगळवार
चाचणी. रेकॉर्डिंगवाल्याने तीनदा थांबवलं. म्हणाला, काका, प्रत्येक शब्दाआधी चटक चटक येतंय, तोंडात काही आहे का? काही नाही, म्हणालो. तेवढ्यात पेपरमिंट बाहेर पडली, कागदावर. तिच्याशिवाय पुन्हा वाचलं. 'सस्तन'वर जीभ अडकली ती सुटेना.
माइक हलक्या दर्जाचा होता.

२० मार्च
तिकीट खिडकीवरच्या बाईंचा आवाज घेतला. देवमासा त्यांनी दोनदाच पाहिला आहे. मजकूर मात्र माझाच. मला ऐकवला. चांगला झालाय, म्हणालो. चांगला झाला होता. वाईट वाटेल असं वाटलं होतं, वाटलं नाही. हल्ली काहीच वाटत नाही. ही जमेची बाजू.

२२ मार्च, शनिवार
दाढ ठणकत होती. मेहुणीने धरून दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तोंडात छोटा आरसा घातला, तो गालाला चिकटून बसला. चार दातांना कीड.
साखर तपासली आहे का, म्हणाल्या. तपासली आहे, ठीक आहे. झोपेत तोंड उघडं राहतं का? ते आता कोणाला विचारू, म्हणालो. मग, औषधं कुठली चालू आहेत? एकही नाही, म्हणालो. मेहुणी म्हणाली, अहो, ती ॲलर्जीची गोळी? मी म्हणालो, ते औषध नाही, सवय आहे.
मग त्यांनी समजावलं. या जातीच्या गोळीने डोळे सुकतात तशी लाळही सुकते. लाळ दातांना धूत असते. ती नाही, म्हणून कीड. त्यात मी दिवसभर साखर चघळतोय. गोळी कोणी दिली, म्हणाल्या. मीच, म्हणालो. बंद करा, म्हणाल्या. पेपरमिंटही बंद. घोट घोट पाणी, बिनसाखरेचं च्युइंगगम, फ्लोराइडची पेस्ट आणि रात्री तोंडात लावायला एक जेल. डोळे डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.
रस्त्यात मेहुणी म्हणाली, भाऊजी, तुम्हाला धुळीचा त्रास कधी होता हो?
मी जेलच्या ट्यूबवरच्या सूचना वाचत होतो.

२७ मार्च
गोळी सोडून पाच दिवस. जीभ सुटी. अख्खी फेरी न अडखळता होते. माझा निर्णय योग्य ठरला.
मात्र धूळ वाढली आहे. तिसऱ्या फेरीत डोळे वाहायला लागले. तेही वाघापाशी नाही, मेंढीपाशी. मेंढीवर माझी दोनच वाक्यं आहेत, दोन्ही पुरी झाली नाहीत. अठरा माणसं उभी. एका बाईंनी रुमाल दिला. क्युरेटर बाईंनी आपल्या केबिनमध्ये नेऊन बसवलं, दार लोटलं.
केबिन रोज पुसतात. तिथेही अर्धा तास पाणी थांबेना.

२९ मार्च, शनिवार, दुपारी साडेचार
दाढ भरून आलो. भुलीच्या इंजेक्शनने अर्धा चेहरा नाहीसा. लाळ हनुवटीवरून शर्टावर आली तरी पत्ता नाही. मेहुणीने पुसली.
मुलीचा फोन आला, रविवार नसताना. मला नुसतं हं हं जमत होतं, म्हणून तीच बोलत राहिली. मेंढीचं तिला मावशीने सांगितलं होतं. बोलता बोलता तिचाही आवाज ओला झाला. तिला कसलीच ॲलर्जी नाही.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या आहेत, भूल सहापर्यंत उतरेल. मग दुखेल. दुखलं म्हणजे घाबरू नका, जागा शाबूत आहे असं समजा.
मेहुणी समोर बसली आहे. मी ठीक आहे, तू घरी जा, असं सांगणार होतो. ओठ हलले नाहीत.