आचाऱ्यासाठी टाळ्या

बाबा, तिकडे आचाऱ्यासाठी टाळ्या वाजवतात. ऐकीव सांगून नाही राहिले, मी स्वतः त्या टाळ्यांमध्ये उभी होते. तिकडे म्हणजे अर्जेंटिनात. नागपूरहून तीन विमानं बदलून जावं लागतं इतकं ते दूर, तरी आपल्या नागपूर-अमरावतीची अठरा माणसं मी मागच्या महिन्यात तिथे फिरवून सुखरूप परत आणली. आता पुढची बॅच निघणार आहे आणि आमच्या टूर कंपनीच्या मालकांनी मला काम दिलं आहे की प्रवाशांसाठी एक पान लिहा, तिथे गेल्यावर काय काय खावं. शाकाहारी वेगळं लिहा, मांसाहारी वेगळं लिहा, तिखट काही मिळत नाही हे आधीच सांगून टाका, अशा सूचना आहेत. सकाळपासून ऑफिसात बसले आहे, दोन चहा झाले, आणि कागदावर एक ओळ धड उतरत नाही. कारण मला ते प्रवाशांना सांगायचंच नाही, मला ते तुम्हाला सांगायचं आहे. तुम्ही जाऊन सतरा वर्षं झाली. काय खाल्लं आणि कसं लागलं हे इतक्या आस्थेनं विचारणारं दुसरं माणूस मला त्यानंतर भेटलं नाही.

तुम्ही तीस वर्षं टूरचे आचारी होतात. वाडीच्या गोदामातून बस निघायची. टपावर शेगड्या, पातेली, कणकेची पोती, तुरीची डाळ, आणि सगळ्यात मागच्या सीटवर तुम्ही, मांडीवर फडक्यात गुंडाळलेला सराटा घेऊन. तो लोखंडी सराटा तुम्ही कधी दुसऱ्याच्या हाती दिला नाही, आईनं एकदा त्यानं पोळी उलटली तर दिवसभर घुम्यासारखे बसला होतात. काशी झाली, रामेश्वर झालं, द्वारका, बद्रीनाथ, सगळं झालं, आणि पाहिलं काय, तर धर्मशाळांची मागची अंगणं. प्रवासी दर्शनाला जात तेव्हा तुम्ही चाळीस माणसांची कणीक मळत असायचे. त्यात तुमच्या धंद्याचा तो नियम, आचाऱ्यानं बाहेरचं खायचं नाही. नागपुरात आपल्या महाल भागातल्या घरी कुणी त्यावरून चिडवलं की तुम्ही म्हणायचे, "माह्या पोटात बिघडलं तं चाळीस लोकं उपाशी राह्यतीन." गंगेच्या काठी राहून तुम्ही तिथल्या एका दुकानाची पायरी चढला नाहीत. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पण तुमचा जीव अडकायचा तो त्याच दुकानांत. बसमध्ये परत आलेल्या प्रवाशांना विचारायचे, काय खाल्लं, कसं लागलं. लोक म्हणायचे मस्त होतं, आणि तुम्ही घरी येऊन त्यांच्या नावानं करवादायचे, की मस्त म्हणजे काय, मस्त ही काही चव आहे का. जे डब्यात टिकेल ते तुम्ही माझ्यासाठी आणायचे. आंघोळीच्याही आधी उंबऱ्यावर बसून तुम्ही मथुरेच्या पेढ्याचा पुडा उघडला होता तो दिवस मला आत्ता दिसतो. मी सात-आठ वर्षांची. मी पेढा तोंडात टाकते आणि तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत बसता. "सांग बरं, कसं लागते?" मी म्हणते, गोड. "गोड तं साखर बी लागते. नीट सांग." इतकं रागावून म्हणालात की माझे डोळे भरले. मग मी विचार करून सांगितलं की दातांखाली थोडं रवाळ येतं आणि गिळल्यावर मागून विलायची येते. तेव्हा कुठे तुम्ही एक तुकडा तोंडात टाकला आणि माझं उत्तर बरोबर आहे का ते तपासलं. तुमच्या त्या एका दटावणीवर माझी आजची नोकरी चालते, हे मालकांना काय माहीत.

तेव्हा आता नीट सांगते. तिथल्या पिझ्झाच्या दुकानात हरभऱ्याच्या पिठाची एक जाड पोळी भट्टीत भाजतात, तिला फाइना म्हणतात. बेसन, पाणी, तेल, मीठ, वरून मिरेपूड, बस. तिचा तुकडा पिझ्झाच्या तुकड्यावर ठेवायचा आणि दोन्ही मिळून खायचं. वरून खरपूस, आत लुसलुशीत, आपली पाटवडीच, फक्त फोडणी न घेता घराबाहेर पडलेली. तुम्ही असते तर त्या दुकानदाराला बाजूला सारून मोहरी मागितली असती. एम्पानाडा म्हणजे खाऱ्या सारणाची करंजी समजा. आत खिमा, कांदा, उकडलेलं अंडं. मक्याची असते, चीजची असते. गंमत तिच्या कडेची आहे. सारणाप्रमाणे कड वेगळी दुमडतात, कुठे दोरीसारखा पीळ, कुठे नुसती बोटानं दाबलेली, म्हणजे न फोडता कळावं आत काय आहे ते. आमच्यात पारशिवनीचे एक निवृत्त गुरुजी होते, कट्टर शाकाहारी, हातात घेतलेलं प्रत्येक खाणं संशयानं फिरवून पाहणारे. त्यांना मी कड बघून मक्याची काढून दिली तेव्हा त्यांनी मला विचारलं की हे तुम्हाला कुणी शिकवलं. मी म्हटलं, वडील याच लाइनमध्ये होते.

दूध आणि साखर तपकिरी होईस्तोवर आटवून तिथे एक गोड करतात, दुल्से दे लेचे. बासुंदीच्या पुष्कळ पुढे आणि खव्याच्या जरा अलीकडे थांबलेलं. चमच्याला चिकटून राहतं, आणि मागून जी चव येते ती जळकट नाही पण जळण्याच्या दारातून परत आणल्यासारखी आहे. मक्याच्या पिठाच्या भुसभुशीत बिस्किटांत ते भरतात आणि कडेला खोबऱ्याचा कीस लावतात. हे डब्यात टिकतं, बाबा. विमानतळावर मी एक डबा घेतला, आणि पैसे देऊन झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी तो कुणासाठी घेतला.

माते नावाचा त्यांचा कडू पाल्याचा चहा असतो. एकच भांडं, वाळवलेल्या भोपळ्याचं, एकच नळी, आणि सगळ्यांनी आळीपाळीनं प्यायचं. आपल्या लोकांनी उष्टं म्हणून नाकं मुरडली, ते मी पानात सांभाळून लिहीन. तुम्हाला सांगायचं वेगळंच आहे. जो माणूस भरून देतो तो पहिलं भांडं स्वतः पितो, कारण पहिला घोट सगळ्यात कडवट असतो आणि तो पाहुण्याला देत नाहीत. म्हणजे तिथे वाढणारा आधी पितो, आणि त्याला कुणी हावरट म्हणत नाही. मी तुम्हाला आयुष्यात कधी आधी जेवताना पाहिलं नाही. आपल्या घरीसुद्धा, रविवारी तुमच्याच हातचं मटण, आणि तुम्ही शेवटी पातेलं पुसायला.

आता त्या टाळ्यांचं. शहराबाहेर एका मोठ्या कुरणावरच्या शेतघरी आम्हाला जेवायला नेलं होतं. तिथे आसादो असतं, म्हणजे निखाऱ्यावर तास न् तास भाजलेलं मांस. भाजणारा एक म्हातारा, तुमच्याच अंगकाठीचा, सकाळपासून त्या धगीसमोर उभा. मी जाऊन विचारलं मसाला काय, तर त्यानं मुठीतलं जाड मीठ दाखवलं. बास. आपल्या झणझणीत सावजी रश्श्याच्या गावची मी, मला आधी हसू आलं. मग खाल्लं. वरची कड कुरकुरीत आणि खारट, आत रसाळ, धुराचा वास आहे पण धूर नाही, आणि सोबत लसूण, कोथिंबिरीसारखा एक पाला अन् व्हिनेगरची आंबट हिरवी चटणी. सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर एक बाई उठून काहीतरी म्हणाल्या आणि सगळं टेबल टाळ्या वाजवायला लागलं. गाइडनं सांगितलं की ही इथली रीतच आहे, आचाऱ्यासाठी टाळ्या, प्रत्येक वेळी, घरी असलं तरी. म्हाताऱ्यानं फडक्याला हात पुसले, थोडी मान झुकवली आणि परत निखाऱ्याकडे वळला. आपली माणसंही टाळ्या वाजवत होती, गुरुजीसुद्धा, ज्यांनी फक्त भाजलेलं चीज खाल्लं होतं. मी उठून संडासात गेले आणि तोंडात रुमाल कोंबून रडले. बाहेर आले तर अमरावतीच्या एक काकू म्हणाल्या, "काहून वं, ऊन लागलं का?" मी हो म्हटलं.

तुम्हाला राजस्थान आठवत असेल. मी टूर मॅनेजर म्हणून घेतलेली पहिली सहल. तुम्ही काम सोडून दोन वर्षं झाली होती, आणि मला नोकरी लागल्याच्या दिवसापासून तुमचं एकच मागणं होतं, "एकदा मले पॅसेंजर म्हणून ने." दुसरं तुम्ही माझ्याकडे कधी काही मागितलं नाही. कंपनीनं घरच्या एका माणसाला सीट दिली आणि मी तुम्हाला नेलं. आभाळी रंगाचा नवा शर्ट शिवून घेतलात. सराटा घरी खिळ्याला टांगलात आणि त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाहीत. बसमध्ये यावेळी तुम्ही पुढून दुसऱ्या रांगेत, खिडकीशी. पहिल्या दिवशी जयपूरला कांद्याची कचोरी खाल्लीत, तीस वर्षं नुसती ऐकलेली. मी विचारायला तोंड उघडलं तर तुम्ही हात वर करून मला थांबवलंत. यावेळी मी सांगतो, म्हणालात. डोळे मिटून सांगितलंत की बडीशेप आधी भाजून मग भरडली आहे, कांद्याला पाणी सुटू दिलेलं नाही, आणि पिठात मोहन आपल्यापेक्षा दीडपट आहे. तुमच्या मिशीला कचोरीचा चुरा लागला होता. इतकं खूश मी तुम्हाला माझ्या लग्नातही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचा आचारी उठेना. आदल्या दिवशी तो पोरगेल्या बुद्धीनं ठेल्यावरची रबडी खाऊन आला होता, तुमचा नियम मोडून. बावीस प्रवासी, सहा दिवस बाकी, आणि आमच्या पत्रकात ठळक छापलेलं, रोज घरगुती मराठी जेवण. एक काका पहिल्याच दिवसापासून वरण कधी, वरण कधी म्हणून माझ्या मागे होते. मी तुमच्या खोलीशी आले तेव्हा तुम्ही आरशासमोर भांग पाडत होता. मी म्हटलं, बाबा, फक्त आजचा दिवस. तुम्ही कंगवा खाली ठेवला आणि एवढंच विचारलंत, "हॉटेलवाले काही करून नाई देत का?" मी म्हटलं, नाही म्हणतात. तुम्ही शर्ट काढला, घडी न मोडता खुंटीला लावला आणि बनियनवर खाली गेलात. हॉटेलचा सराटा हातात घेऊन एकदा तोलून पाहिलात तेवढंच.

त्या दिवशी काका दोनदा भात घेऊन म्हणाले, आता कुठं जेवल्यासारखं वाटलं. तिसऱ्या दिवशी आचारी उभा राहिला तर प्रवासीच म्हणाले, असू द्या, तुमच्या वडिलांच्याच हाताला चव आहे. आणि मी असू दिलं. सहाही दिवस असू दिलं. मला शाबासकी मिळत होती ना. जोधपूरला बस थांबली, सगळे मिरची वड्याच्या दुकानात शिरले, तुम्ही बसमध्येच. मी एक वडा कागदात घेऊन वर आले. तुम्ही त्याचा वास घेतलात, वळवून पाहिलात आणि माझ्या हातात परत दिलात. "नाई वं. आता माह्या हाती बावीस लोकांचं पोट हाय. तू खा, अन् सांग कसं लागते." मी तुमच्यासमोर उभी राहून तो वडा खाल्ला, बाबा. नीट सांगितलंही. शेवटच्या दिवशी लोक बॅगा मोजत होते, कुणी टाळी वाजवली नाही, मीही नाही. मी म्हटलं, पुढच्या वर्षी परत जाऊ, फक्त आपण दोघं. तुम्ही हो म्हणालात. दिवाळीच्या आधी तुम्ही गेलात.

मालकांचं पान संध्याकाळपर्यंत देईन. फाइना, एम्पानाडा, आसादो, सगळं असेल त्यात, आणि शेवटी एक ओळ की टाळ्या वाजवायला विसरू नका. हे तुम्हाला लिहिलेलं मात्र कुठे पाठवायचं नाही, तो बिस्किटांचा डबा टेबलाच्या खणात आहे, त्याच्याखाली ठेवून देईन. आता फक्त एक राहिलं. त्या सकाळी हॉटेलचा मॅनेजर मला म्हणाला होता, टेन्शन मत लो मॅडम, दाल-चावल हम बना देंगे. मला वाटलं त्यांच्या वरणाला लोक नावं ठेवतील, आणि पहिल्याच सहलीत माझी तक्रार होईल. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले. नंतर तोच मॅनेजर त्या स्वयंपाकघरात तुमच्याशी हसून बोलत उभा होता, त्यानं तुम्हाला सांगितलं असेलच. वर आलात तेव्हा तुम्ही मला एवढंच विचारलं की वरणात मीठ बरोबर होतं का.