अडकलेली प्रार्थनापेटी

३ फेब्रुवारी

ती. बाबांस,
लेकीचा प्रभूत सलाम, वि. वि.

इकडे मी मजेत. शाळेतली मुलं ‘बाई’ म्हणून हाक मारतात, तेव्हा कोण आलंय ते मी अजून मागे वळून बघते.

चर्चमधल्या प्रार्थनापेटीचं कुलूप अडकल्याचं आईने कळवलंय. लोक चिठ्ठ्या टाकताहेत आणि पाळकसाहेबांना त्या काढता येत नाहीत. केवढी पंचाईत! आणि कुलूपवाले तिथे तुम्ही एकटेच.

आजारानंतर हात थरथरतो म्हणून तुम्ही चार महिने दुकान उघडलेलं नाही. देवाने ऐकलं नाही म्हणून चर्चही सोडलंत. त्यावर मी आठ पानं लिहिली होती, त्यांचं काय केलंत तेही आईने कळवलंय. म्हणून आज उपदेश नाही. लोकांच्या प्रार्थना अडकल्यात, एवढंच.

लोभ आहे तेवढा ठेवावा, रागातून थोडा कापून त्यात घालावा.

तुमची,
लेक

११ फेब्रुवारी

चि. पदवीधर बाईंस,
अनेक आशीर्वाद.

तुझी आठ पानं टेबलाच्या लंगड्या पायाखाली आहेत. टेबल आता हलत नाही, म्हणजे उपदेश वाया गेला नाही.

पेटी उघडली. पाव तासाच्या कामाला दोन तास लागले. चिमटा तीनदा हातातून पडला. पाळकसाहेब शेजारी नुसते बसून होते. घाई करा म्हणाले नाहीत, धीर धरा असंही म्हणाले नाहीत. चौथ्यांदा चिमटा उचलताना तोंडून आपोआप निघालं, की प्रभू, हात थरथरू दे, पण तू जवळ राहा. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मन निवांत झालं. कुलूप उघडलं ते त्यानंतर.

आत काय निघालं सांगू? आगकाडीचा तुकडा, नीट मोजून तोडलेला. कोणतं कुलूप आपोआप अडकतं आणि कोणतं अडकवलेलं असतं, एवढं तीस वर्षांत कळतं. अशी काडी तोडायला मी एकीलाच शिकवलं होतं, आणि ती नुकतीच सुट्टीला येऊन गेली. पाळकसाहेबांना विचारलं, तर ते छत न्याहाळू लागले. त्यांच्यासाठीही क्षमा मागून ठेव.

सोमवारपासून दुकान उघडतोय. लोभाची काळजी नको, तो कुलपात आहे.

तुझा,
बाप

ता. क. पेटीत तुझ्या अक्षरातली चिठ्ठी होती, बाबांचे हात बरे होवोत म्हणून. तिच्याखाली लिहिलं, की हात तसेच आहेत, काम चालू आहे, आभार. आणि परत आत टाकली. कुलूप नवं बसवलंय, काडीने अडकत नाही.